टोमॅटोचे सार व त्यातील फळे

सामान्य विज्ञान शिकविताना साधनांची उणीव भासते, अशी तक्रार खेड्यांतील शिक्षकांकडून पुष्कळदा ऐकू येते. ती खरीही आहे. परंतु चूल, पातेले, पाणी, पीठ आणि दोनचार टोमॅटो ही सामग्री बहुतेक गावांत मिळू शकते, आणि तिच्या साहाय्याने आम्ल, पिष्ट, प्रथिने व जीवनसत्त्वे यांचा पाठ मुलांना समजावून देता येतो. प्रस्तुत लेखात टोमॅटोचे सार आणि त्यात शिजविलेली कणकेची फळे यांची कृती दिली असून, प्रत्येक पायरीमागील कारणही सांगितले आहे. मुलांच्या आरोग्याशी या पदार्थाचा जो संबंध आहे, तो लेखाच्या उत्तरार्धात येईल.

आंबटपणाची दोन साधने

मुंबईतील चिंचपोकळी हे नाव आपल्या गावांना परके नाही. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे कापडगिरण्यांत काम करण्यासाठी लालबाग, परळ, चिंचपोकळी या भागांत गेली. कुटुंब गावी ठेवून आलेले हे कामगार चाळींतील एका खोलीत अनेकजण मिळून राहत, आणि त्यांच्या जेवणाची सोय खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया करीत. अशा स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि खानावळींचे ते जगही ओसरले.

या ठिकाणाच्या नावात चिंच आहे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. आमटीला किंवा साराला आंबटपणा आणण्यासाठी आपल्याकडे पूर्वापार चिंच, आमसूल आणि ताक वापरीत. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय लोकांबरोबर तो समुद्रमार्गे इकडे आला आणि आता नारायणगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांतून देशभर जातो. विदर्भात त्याला 'भेदरे' असेही म्हणतात. वांगे, बटाटा आणि मिरची ही त्याचीच भावंडे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, तर टोमॅटोत मुख्यतः सायट्रिक व मॅलिक ही आम्ले असतात. चिंचेपेक्षा टोमॅटोचा आंबटपणा सौम्य असतो. त्यामुळे तो पुष्कळ प्रमाणात खाता येतो, आणि त्यातील जीवनसत्त्वेही त्या मानाने अधिक मिळतात.

साहित्य

पाच माणसांसाठी पुढील साहित्य घ्यावे : पिकलेले लाल टोमॅटो अर्धा किलो, तुरीची डाळ ६० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ ५० ग्रॅम, तूप किंवा तेल चार चमचे, लहानसा गुळाचा खडा, लसणीच्या पाचसहा पाकळ्या, जिरे, ओवा, हिंग, हळद, तिखट, मीठ, कढीलिंब, कोथिंबीर आणि एक लिंबू.

भांडे शक्यतो स्टेनलेस स्टीलचे असावे. पितळेचे असल्यास त्याला चांगली कल्हई हवी. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असते. त्याचे कारण मुलांना असे सांगावे : चिंचेने घासल्यावर पितळेचे भांडे लखलखते, कारण आम्ल धातूवरील काळा थर विरघळविते. तेच आम्ल कल्हई नसलेल्या भांड्यातील तांबे अन्नात उतरविते. असे अन्न खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात.

कृती आणि तिची कारणे

प्रथम डाळ वेगळी शिजवून घोटून घ्यावी. ती टोमॅटोबरोबर शिजत घालू नये. आम्लाच्या संगतीत डाळीचे दाणे लवकर मऊ होत नाहीत, आणि इंधन व वेळ दोन्ही वाया जातात. आमटीत चिंच शेवटी घालण्याची जी रीत आहे, तिच्यामागेही हेच कारण आहे.

टोमॅटो धुऊन त्यांच्या तळाशी सुरीने फुलीसारखी चीर द्यावी आणि उकळत्या पाण्यात तीनचार मिनिटे ठेवावेत. साल सुटू लागली की ते बाहेर काढून सोलावेत व गर कुस्करून घ्यावा. उरलेले पाणी टाकून देऊ नये, तेच पुढे सारासाठी वापरावे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्यात उतरलेली असतात.

आता फळांचे पीठ भिजवावे. कणीक व डाळीचे पीठ एकत्र करून त्यात मीठ, हळद, चिमूटभर ओवा आणि दोन चमचे तेल घालावे. कोमट पाणी थोडे थोडे घालीत पुरीसाठी मळतो तसे घट्ट मळावे आणि पाव तास झाकून ठेवावे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळले की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. त्या जाळ्यामुळेच फळे उकळीत फुटत नाहीत. डाळीच्या किंवा ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा नसतो. म्हणून निव्वळ ज्वारीची फळे करावयाची असल्यास पिठाची उकड काढून घ्यावी लागते.

मळलेल्या पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या कराव्यात आणि प्रत्येक गोळी अंगठ्याने दाबून मध्ये खळगा पाडावा. हा खळगा केवळ शोभेसाठी नाही. त्यामुळे मधला भाग पातळ होऊन उष्णता आतपर्यंत लवकर पोहोचते, आणि खळग्यात सारही साठते.

पातेल्यात उरलेले तूप किंवा तेल तापवून जिरे, हिंग, ठेचलेला लसूण व कढीलिंब यांची फोडणी करावी. हळद व तिखट घालून लगेच टोमॅटोचा गर ओतावा आणि पाच मिनिटे परतावा. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. तुपावर परतल्याने ते शरीराला अधिक सहज मिळते. नंतर घोटलेली डाळ आणि राखून ठेवलेल्या पाण्यासह एकंदर सव्वा लिटर पाणी घालावे. मीठ व गूळ घालून खळखळून उकळी आणावी. फळे शिजताना बरेच पाणी शोषून घेतात, म्हणून सार आरंभी पातळच असावे.

उकळी आल्याशिवाय फळे सोडू नयेत, हा या कृतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. गव्हातील पिष्टाचे कण सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून चिकट होऊ लागतात. उकळत्या साराचा स्पर्श होताच फळाच्या पृष्ठभागावर हा चिकट थर झपाट्याने तयार होतो व आतील पीठ बांधून ठेवतो. सार कोमट असेल तर थर बनण्यापूर्वीच पीठ सुटू लागते, आणि फळांऐवजी पिठल्यासारखा लगदा पदरी पडतो. चारपाच फळे एका वेळी सोडावीत, म्हणजे उकळी मोडत नाही. पहिली दोन मिनिटे डाव घालू नये. नंतर आच कमी करून, अर्धे झाकण ठेवून सुमारे पंधरा मिनिटे शिजवावे. एक फळ मोडून पाहावे. मध्यभागी पांढरट कच्चे पीठ दिसले नाही, म्हणजे ते शिजले.

वाढताना कोथिंबीर घालून वर लिंबू पिळावे. उष्णतेने टोमॅटोतील क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, तो लिंबाने भरून निघतो. कोकणातल्याप्रमाणे नारळाचे दूध घालावयाचे असल्यास ते अगदी शेवटी, आच मंद करून घालावे. आंबट साराबरोबर ते खळखळून उकळले तर त्यातील प्रथिने साकळतात आणि दूध फाटल्यासारखे दिसते.

वरणफळे, चकोल्या, हुलग्याचे शेंगोळे आणि गुजरातेतील दाळढोकळी हे सर्व याच कुळातील पदार्थ होत. जर्मनीत सुपामध्ये रव्याचे गोळे सोडतात. एकाच भांड्यात धान्य, डाळ व भाजी शिजवून कुटुंबाचे पोट भरावे, ही कल्पना अनेक देशांतील गृहिणींना सुचलेली आहे.

परळची एक गोष्ट

चिंचपोकळीहून लोकलने निघाले की करी रोडनंतर परळ स्टेशन येते. तेथील हाफकिन संस्थेशी निगडित एक संशोधन प्रत्येक शिक्षकाला माहीत असावे. ल्युसी विल्स या ब्रिटिश स्त्री-वैद्य १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई. त्याचे मूळ आहारातील उणिवेत असावे, असे विल्स यांना वाटले. त्यांनी निरनिराळे आहार पडताळून पाहिले. तेव्हा यीस्टच्या एका स्वस्त अर्काने या स्त्रियांचा आजार हटतो, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्याला पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

शाळांतून विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ज्या गुलाबी व निळ्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत लोह आणि हेच फॉलिक ॲसिड असते. म्हणजे आज शिक्षक मुलाच्या तळहातावर जी गोळी ठेवतो, तिच्या इतिहासात गिरणगावातील अनाम कष्टकरी स्त्रियांचा वाटा आहे. त्यांपैकी अनेकींचे माहेर आपल्यासारख्याच गावांत असेल. रक्तक्षयाचे संकट मात्र अजून सरलेले नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. वर्गात सुस्त बसणारे, लवकर थकणारे मूल आळशी आहे असे ठरविण्यापूर्वी, त्याच्या अंगात रक्त पुरेसे आहे काय, असा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा आणि आरोग्य तपासणीच्या वेळी त्या मुलाकडे लक्ष वेधावे.

वर वर्णिलेले सार औषध नव्हे, गोळीला पर्यायही नव्हे. पण आहार म्हणून त्याची रचना विचारपूर्वक झालेली आहे. डाळीत फोलेट व लोह असते. धान्य व डाळ यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, परंतु टोमॅटो व लिंबू यांतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. गव्हाच्या प्रथिनांत लायसिनची उणीव असते, ती डाळ भरून काढते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. पालकसभेत ही एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ उपयोग होईल.

शाळेत काय करता येईल

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. पन्नास मुलांसाठी किती डाळ व किती भाजी लागेल, हे उदाहरण मुलांकडूनच सोडवून घ्यावे. उत्तर एक किलो डाळ व अडीच किलो भाजी असे येईल. आपल्या शाळांत मुख्यतः तांदूळ पुरविला जातो, तेव्हा तेथे फळांऐवजी हेच सार भाताबरोबर देता येते.

वर्गातील प्रयोगासाठी जास्वंदीच्या तांबड्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क काढावा. तो तीन वाट्यांत घेऊन एकीत टोमॅटोचा रस, दुसरीत चिंचेचे पाणी व तिसरीत खाण्याच्या सोड्याचे पाणी घालावे. पहिल्या दोन वाट्यांत अर्क गुलाबी-तांबडा होतो, तर तिसरीत हिरवट छटा येते. मुलांना आम्ल शब्दाची व्याख्या पाठ करावयास लावण्यापूर्वी हे दृश्य दाखवावे. उकळत्या सारात फळे सोडण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे, आणि मुलांना चुलीपासून दूर उभे करून निरीक्षण करू द्यावे.

शेवटी एक गमतीचा प्रश्न विचारावा : 'या पदार्थात फळे किती प्रकारची?' मुले कणकेच्या फळांकडे बोट दाखवतील. टोमॅटोही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच आहे, हे एखाद्या विद्यार्थ्याने ओळखले, तर पाठ साधला असे समजावे.