जाताना आठ, येताना सात!

लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यात अंतर आहे साधारण 5,540 किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरी लंडनहून न्यूयॉर्कला जायला जवळजवळ आठ तास लागतात आणि परतताना सात पुरतात. मधला तास गेला कुठे?

‘पृथ्वी फिरते ना, म्हणून!’ असं तुमच्यातलं कुणीतरी नक्की ओरडलं असणार. पण थांबा. पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. मग पश्चिमेला निघालेल्यांचं न्यूयॉर्क समोरून चालत यायला हवं होतं. घडतं नेमकं उलटं! धावत्या लोकलमध्ये उडी मारलीत (दारापाशी नको हं!), तर तुम्ही मागच्या डब्यात पडत नाही; कारण तुम्हीही लोकलच्याच वेगाने पुढे जात असता. हवा आणि हवेतलं विमान तसंच पृथ्वीबरोबर फिरत असतं.

खरा चोर आहे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमानं उडतात तिथेच, वाऱ्याचे अरुंद पट्टे पूर्वेकडे सुसाट धावत असतात. हेच जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. उष्ण हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. म्हणजे मघाशी ओरडणारा अगदीच चुकला नव्हता म्हणायचा!

वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने 1920च्या दशकात आकाशात फुगे सोडून हा वारा मोजला होता. पण पठ्ठ्याने अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत. वाचणार कोण?

फेब्रुवारी 2020मध्ये अटलांटिकवर वादळ आलं आणि हा वारा भलताच पिसाटला. न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो जेट 4 तास 56 मिनिटांत लंडनला टेकलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या पुढे गेला होता. एवढ्या उंचीवर आवाजसुद्धा यापेक्षा हळू जातो! मग आवाजाची भिंत फोडल्याचा धडाम आवाज का नाही झाला? कारण भोवतालच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं. बाकीची धाव हवेची.

म्हणून अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा पाहून आखतात. पूर्वेला जाणारे या पट्ट्यात शिरतात, पश्चिमेला जाणारे त्याला बगल देतात. विमानात बसलात तर समोरच्या पडद्यावर सिनेमा न लावता नकाशा लावा. बाहेर उणे 50 अंशांच्या आसपास तापमान दिसेल आणि विमानाचा वेग सारखा बदलताना दिसेल.

आता वही घ्या. अंतर तेच, 5,540 किलोमीटर. विमानाचा वेग धरा ताशी 900 किलोमीटर, वाऱ्याचा 150. पाठीशी वारा असेल तर वेग होतो 1,050 आणि लागतात 5 तास 17 मिनिटं. समोरून असेल तर 750 आणि 7 तास 23 मिनिटं. जाऊन-येऊन 12 तास 40 मिनिटं. वारा नसताच तर? 12 तास 19 मिनिटं! एका बाजूला मदत, दुसऱ्या बाजूला अडथळा, तरी हिशेब फिटत नाही. वारा 21 मिनिटं गिळून बसतो. कारण अडवतो तो सात तासांच्या वर आणि ढकलतो जेमतेम सव्वापाच तास.