जुन्या डिस्कला जरा श्वास घेऊ द्या!

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप हँग होणं म्हणजे काय, हे कुठल्याही स्टुडंटला वेगळं सांगायला नको. माझा लॅपटॉप सेकंडहँड. ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. लिनक्स मिंट टाकलं, तरी ब्राउझर आणि रायटर एकत्र उघडले की डिस्कचा लाइट लुकलुकतच राहायचा. घरी ‘नवीन घेऊन द्या’ म्हणायची सोय नव्हती. मग ठरवलं, आहे त्यालाच वळण लावू.

आधी मोजलं, मग हात लावला. ‘एचडीपार्म’ नावाचं टूल डिस्क किती वेगाने वाचते ते दाखवतं. डिस्कची तब्येत ‘स्मार्ट’ रिपोर्टमध्ये कळते. त्यात खराब सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर ट्यूनिंग विसरा आणि आधी डेटा कॉपी करा. माझी डिस्क ठणठणीत निघाली.

पहिला बदल ‘स्वॅपिनेस’चा. रॅममध्ये जागा करताना लिनक्स किती पटकन डिस्ककडे धावणार, हे हा आकडा ठरवतो. तो सहसा ६० असतो, मी १० केला. रीस्टार्टनंतरही तो टिकावा म्हणून सेटिंगच्या फाइलमध्येही लिहिला.

दुसरा ‘नोएटाइम’. फाइल नुसती वाचली, तरी तिची वेळ डिस्कवर नोंदली जाते. ती नोंद बंद केली. हल्लीचं लिनक्स ही नोंद तशीही कमी वेळा करतं, त्यामुळे फरक थोडाच.

तिसरा पॉवर सेव्हिंगचा. बॅटरी वाचवायला डिस्क सारखी हेड पार्क करायची, ‘टक’ असा आवाज यायचा. एचडीपार्मने लेव्हल २५४ केली, आवाज थांबला. बॅटरी मात्र थोडी लवकर उतरते.

मग पुन्हा वेग मोजला, तर आकडा जवळपास तोच! आधी हिरमोड झाला, मग ट्यूब पेटली. डिस्क सेकंदाला ९० फेरेच मारणार. सेटिंग बदलून तिचा वेग वाढत नाही, तिचे फुकटचे हेलपाटे वाचतात. पण टॅब बदलताना येणारा तो जीवघेणा पॉज कमी झाला आणि प्रोजेक्ट वेळेत गेला.

तुम्हीही करणार असाल, तर तीन गोष्टी पाळा. बॅकअप घ्या, एका वेळी एकच बदल करा आणि जुना आकडा वहीत लिहून ठेवा. एचडीपार्मचे काही ऑप्शन डेटा उडवू शकतात, त्यामुळे न समजलेली कमांड पेस्ट करू नका.

पैसे साठले की एसएसडी घ्याच. तोवर जुन्या डिस्कला थोडं सांभाळून घ्या!