दाण्याचा जीव रंगानें कसा ओळखतात?

जून महिन्यांत पहिला पाऊस पडून जमिनीस वाफसा आला कीं आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी पेरणीस लागतो. त्या वेळीं पिशवींतील दाणा जिवंत आहे कीं मेलेला, हें त्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं. दोन्ही दाणे सारखेच पिवळे, सारखेच टपोरे. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत पुष्कळ ठिकाणीं पेरलेलें सोयाबीन उगवलेंच नाहीं. दुबार पेरणीचें बियाणें, मजुरी आणि वायां गेलेली ओल यांचा भार ज्याच्या त्याच्या घरावर पडला. शिवाय जालना हें बियाण्यांचें गांव. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हांपासून या धंद्यानें शहराचें नांव देशभर झालें. तेव्हां दाण्यांतील जीव कसा पारखितात, हा प्रश्न येथील मुलांनीं विचारावा असाच आहे.

सर्वांत भरंवशाची परीक्षा घरचीच होय. ओल्या गोणपाटांत १०० दाणे गुंडाळून ठेवावे व किती उगवले तें मोजावें. प्रयोगशाळेंत हीच परीक्षा सोयाबीनसाठीं ८ दिवस चालते. ज्यास इतका अवकाश नाहीं त्यासाठीं दुसरा मार्ग जर्मनींत गेऑर्ग लाकोन या वनस्पतिशास्त्रज्ञानें दाखविला. टेट्राझोलियम नांवाच्या क्षाराच्या रंगहीन द्रावणांत भिजलेला दाणा ठेविला म्हणजे जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. एक-दोन दिवसांत उत्तर मिळतें. कापडास रंग चढतो तसा हा रंग बाहेरून चढत नाहीं. दाण्यांतील पेशी श्वासोच्छ्वास करितात. त्या क्रियेंत सुटणारा हायड्रोजन क्षारास मिळतो आणि तेथल्या तेथेंच लाल द्रव्य बनतें.

हा श्वासोच्छ्वास मुख्यतः पेशींतील तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, चालतो. मायटोकॉन्ड्रिया हें नांव कार्ल बेंडा यानें १८९८ सालीं सूत आणि कण या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून केलें. त्यांचें काम समजण्यास पैठणचें धरण डोळ्यांपुढें आणावें. उंच साठलेलें पाणी खालीं पडतांना चक्र फिरवितें व वीज होते. तंतुकणिका अन्नापासून मिळालेली शक्ति खर्चून आपल्या आंतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलते. ते परत आंत येतांना एक अतिसूक्ष्म चक्र फिरवितात, आणि पेशीच्या सर्व व्यवहारांस लागणारें एटीपी हें द्रव्य घडतें. पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं ही कल्पना मांडली तेव्हां पुष्कळ विद्वानांस ती पटली नाहीं. १९७८ सालीं तिच्याचसाठीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

प्रोटॉन बाहेर गेल्यामुळें आंतली बाजू ऋणभारित राहते. दोन्ही बाजूंतील फरक सुमारें १५० ते १८० मिलिव्होल्ट, म्हणजे विजेरीच्या एका सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. परंतु इतक्या लहान वस्तूस मोजणीच्या तारा लावाव्या कशा? येथें रंग उपयोगीं पडतो. धनभारित रंग ऋणभाराकडे ओढला जातो आणि दर ६० मिलिव्होल्टांस दसपट या हिशेबानें आंत साठतो. १८० मिलिव्होल्ट असल्यास बाहेरच्या हजारपट! १९८० सालीं अमेरिकेंत लॅन बो चेन व त्यांचे सहकारी यांनीं ऱ्होडामिन १२३ हा असा रंग जिवंत पेशींत घालून दाखविला. त्यावर निळा प्रकाश टाकला कीं तो हिरवा प्रकाश परत देतो, आणि काळोखांत हिरव्या सुतांचें जाळें उजळतें. अशा रंगांस प्रतिदीप्त रंग म्हणतात. पुढें आलेला जेसी-१ हा रंग याहूनही चतुर आहे. विरळ असतां तो हिरवा प्रकाश देतो, एके ठिकाणीं दाटला म्हणजे तांबूस. तांबूस व हिरवा यांचें प्रमाण जसें उतरतें, तसा तंतुकणिकांचा भार ओसरत असल्याचें समजतें.

मात्र जितका अधिक प्रकाश तितकें अधिक आरोग्य, असें समजणारा फसतो. रंग फार झाला तर त्याचे कण गर्दीमुळें एकमेकांचा प्रकाश मारितात, आणि तंतुकणिका दुबळी होऊन रंग बाहेर सांडला म्हणजे प्रकाश उलट वाढतो. म्हणून जाणता प्रयोगकर्ता शेवटीं एफसीसीपी नांवाचें द्रव्य मुद्दाम घालतो. त्यानें पडद्यांतून प्रोटॉनांस चोरवाट मिळते व भार नाहींसा होतो. तरीही प्रकाश पूर्वीसारखाच राहिला, तर इतका वेळ आपण भलतेंच कांहीं मोजीत होतों असें ठरतें. आणखी एक खोंच आहे. धरणाचें चक्र बंद केलें तर जलाशय तुडुंब भरतो, पण वीज एक युनिटही होत नाहीं. तसेंच ऑलिगोमायसिन या औषधानें तंतुकणिकेचें चक्र अडविलें कीं भार वाढतो, रंग अधिक चमकतो, आणि एटीपी बनणें थांबतें. यासाठीं रंगाबरोबर प्राणवायु किती खर्च होतो तेंही मोजावें लागतें.

हे चमकणारे रंग कांचेच्या भांड्यांत वाढविलेल्या पेशींस चांगले मानवतात; पुण्याचें राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशांतील प्रयोगशाळांस असे पेशींचे वाणच पुरवितें. दाण्याची गोष्ट निराळी. तो जाड, रंग आंतपर्यंत पोंचत नाहीं, आणि त्याच्या स्वतःच्या द्रव्यांसही थोडी चमक असते. कोरड्या दाण्यांतील तंतुकणिका तर जवळजवळ निजलेल्या असतात. पाणी मिळाल्यावर त्या कामास लागतात. म्हणून बीज-परीक्षेंत जुना लाल रंगच टिकून आहे. त्यालाही वाचणारा डोळा लागतो. फिकट, एकसारखा लाल रंग निरोगी. मार बसलेल्या किंवा बिघडूं लागलेल्या भागावर तो गडद चढतो. आणि दोन्ही डाळिंब्या लाल असून मुळाचा कोंब तेवढा पांढरा राहिला, तर परीक्षक तो दाणा मेलेल्यांत मोजतो.