व्यापाऱ्याच्या मनावरील ताण

आपण व्यापारी रोजकीर्दीत पै-पैचा हिशेब उतरवितो. परंतु मनावर रोज चढणाऱ्या ओझ्याचा जमाखर्च मात्र कधी मांडीत नाही. मांडवीच्या पेठेत दुकान उघडावे, तोच थकलेली उधारी, भावांची चढउतार, जीएसटीच्या विवरणपत्राची तारीख आणि मोबाइलवरील निरोप ही मंडळी गिऱ्हाइकाच्या आधी गादीवर येऊन बसतात. रात्री दुकान बंद होते. मन बंद होत नाही.

ताण हा मुळात शत्रू नव्हे. संकट दिसताच नाडी वेगाने चालू लागते, स्नायूंना अधिक रक्त मिळते. झुंजावयास अथवा पळावयास देह सिद्ध होतो. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून याच्या तीन अवस्था सांगितल्या : प्रथम सावधता, मग प्रतिकार आणि ताण हटलाच नाही तर अखेर थकवा. वाघ निघून गेला की हरिण पुन्हा चरू लागते. आपली उधारी मात्र अंथरुणातही सोबत येते. मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, जिभेवर कडवटपणा येतो.

एके वर्षी आमची मोठी रक्कम अडकली. घरच्यांस काळजी नको, म्हणून आम्ही अवाक्षर काढले नाही. पण मुलांवर उठता-बसता खेकसत राहिलो. आपलेच काही चुकले, असे त्या बिचाऱ्यांना वाटत राहिले. अखेर एका रात्री आम्ही घरच्यांसमोर वही उघडली. रक्कम काही त्या दिवशी वसूल झाली नाही, पण झोप मात्र लागली.

मनातील गलबला शमविता येतो, याचा एक दाखला याच नगरीतील आहे. डिसेंबर १९०७ मधील सुरतेची काँग्रेस गोंधळात मोडल्यावर श्री अरविंद बडोद्यास आले. येथे विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने त्यांस सांगितले, की स्वस्थ बसावे, विचार बाहेरून येताना पाहावा व आत शिरण्यापूर्वीच त्यास परतवावे. तीन दिवसांत मन शांत झाले, असे अरविंदांनीच पुढे नमूद केले आहे.

आपणा संसारी माणसांस इतके साधणार नाही. परंतु दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे, सामायिक आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्यावा. निजण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर उतरवावीत. जे आपल्या हाती नाही, ते वेगळे लिहावे. सकाळी सयाजीबागेत चार फेऱ्या माराव्यात. आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

क्षमापनेच्या दिवशी आपण पेढीवरच्या सर्वांस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. त्या वर्षी आम्ही ते प्रथम आपल्या मुलांस म्हटले.