घाम, मीठ आणि रोजचे ताट

ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले व्यायामशिक्षक सर उन्हाळी स्पर्धांच्या वेळी मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ, लिंबे, साखर आणि मिठाची बरणी घेऊन उभे राहत. धावून आलेल्या मुलाच्या हाती सरबताचा पेला देताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : "घामाबरोबर मीठ जाते, ते भरून काढले पाहिजे." आमच्यापैकी पुष्कळांनी हे वाक्य आयुष्यभर जपले. ते खोटे नाही. परंतु हिशेब न करता वापरले तर अपायकारक ठरते. हा हिशेब मांडण्याची वेळ माझ्यावर सरांमुळेच आली, म्हणून त्याविषयी येथे लिहीत आहे.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सर काकूंना घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. काकूंना तपासून झाल्यावर सहज म्हणून त्यांचाही रक्तदाब पाहिला. तो १७० आणि १०० भरला. पुढील आठवड्यात दोनदा पाहिला, तरी आकडा हलला नाही. सर हसून म्हणाले, "अरे, मी रोज पहाटे तासभर घाम गाळतो. मला कसला आलाय रक्तदाब?" कमाटीबागेतील फेऱ्या, जोर-बैठका, घरी आल्यावर पोह्यांवर मूठभर शेव, दोन्ही वेळच्या जेवणात लोणचे-पापड, रविवारी सेव-उसळ, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता, आणि 'व्यायाम करणाऱ्याला सारे चालते' हे त्याचे समर्थन. मी म्हणालो, "सर, आपण जमाखर्च मांडून पाहू." हिशेबाला सरांनी कधी नकार दिला नाही.

मिठाचे शरीरातील कार्य

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. म्हणजे ५ ग्रॅम मिठातून साधारण २ ग्रॅम सोडियम मिळते. रक्तातील व पेशींबाहेरील पाण्याचे प्रमाण राखणे हे सोडियमचे मुख्य कार्य. मज्जातंतूंचे संदेशवहन आणि स्नायूंचे आकुंचन त्यावाचून होत नाही. म्हणूनच शरीर सोडियमची अतिशय काटकसर करते. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम रक्तात परत घेतात. आहारात मीठ कमी आले, तर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या आज्ञेने ही काटकसर आणखी वाढते.

मीठ जास्त आले की मूत्रपिंडांना उलटे काम करावे लागते. जादा सोडियम बाहेर पडेपर्यंत ते आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि वाहिन्यांवरील ताणही वाढतो. तारुण्यात हे सहज निभावते. वयोमानाने मूत्रपिंडांची क्षमता व वाहिन्यांची लवचीकता कमी होते, तेव्हा रक्तदाब चढाच राहतो. त्यातून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडांचे विकार संभवतात. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ४१२ व्यक्तींच्या एका काटेकोर आहारप्रयोगात आहारातील सोडियम जसजसे उतरविले तसतसा रक्तदाबही उतरत गेला, असे स्पष्ट दिसून आले.

घामाचा खर्च

घाम खारट लागतो, परंतु तो रक्ताइतका खारट नसतो. एक लिटर रक्तद्रवात ३ ग्रॅमहून किंचित अधिक सोडियम असते. एक लिटर घामात बहुधा अर्धा ते दीड ग्रॅम, सरासरीने एक ग्रॅमच्या थोडे आत. याचा अर्थ असा की, घाम गाळताना मिठापेक्षा पाण्याची तूट अधिक पडते. शिवाय उन्हाची सवय झाली की एक-दोन आठवड्यांत घामातील मीठ कमी होते. व्यक्तिपरत्वे फरक मात्र मोठा असतो. ज्याच्या गडद रंगाच्या सदऱ्यावर घाम वाळल्यानंतर पांढरे डाग उमटतात, त्याचा घाम अधिक खारट आहे असे समजावे.

आता सरांचा खर्च पाहा. पहाटेच्या व्यायामात त्यांचा सुमारे अर्धा लिटर घाम जात असावा. त्यातून गेलेले सोडियम साधारण ४५० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमहूनही कमी मीठ. वैशाखातील उन्हात पूर्ण लिटर घाम गेला असे धरले, तरी हा खर्च सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपासच राहतो.

ताटातील जमा

जमेची बाजू काढण्यासाठी काकूंनी मिठाची नवी पिशवी फोडताना तिच्यावर तारीख घातली. दोघांच्या घरात एक किलोची पिशवी साठ दिवसांत संपली. म्हणजे माणशी रोज सुमारे ८ ग्रॅम, आणि तेही केवळ स्वयंपाकातले. लोणच्यात शेकडा दहा-पंधरा भाग मीठ असले, तर त्याच्या १५ ग्रॅमच्या वाढपातून दीड ते सव्वादोन ग्रॅम मीठ पोटात जाते. एका पापडात सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अर्धा ग्रॅम मीठ असते. फरसाण त्याहून फसवे. फाफडा, गाठिया, पापडी यांत मिठाखेरीज खाण्याचा सोडा किंवा पापडखारही असतो, आणि ते दोन्ही सोडियमचेच क्षार आहेत. जिभेला मात्र त्यांचा खारटपणा तितकासा कळत नाही. आपण बडोदेकरांनी मराठी लोणची-पापड सोडले नाहीत आणि गुजराती फरसाणही प्रेमाने स्वीकारले, त्यामुळे आपल्या ताटात दोन्ही घरांचे मीठ एकत्र आले आहे.

सरांची जमा रोज १० ग्रॅमहून अधिक निघाली आणि घामाचा खर्च एक ते अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ अशी मर्यादा सांगितली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. हे प्रमाण चहाच्या एका सपाट चमच्याहून अधिक नाही, आणि रोज तासभर व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाची गरज त्यात भागते. सरांनी कागदावरील आकड्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे घाम एका रुपयाचा आणि उचल दहा रुपयांची!"

सरबत केव्हा घ्यावे

मग सरांचे सरबत चुकीचे होते काय? मुळीच नाही. तासाभराच्या व्यायामाला साधे पाणी व नंतरचे जेवण पुरेसे असते. परंतु दीर्घ पल्ल्याची शर्यत, उन्हातील सायकलप्रवास, नवरात्रात तीन-चार तास चाललेला गरबा किंवा शेतातील दिवसभराचे काम, अशा वेळी पाण्याबरोबर मीठही हवे. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, लिंबाचा रस व दीड ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग किंवा त्याहून किंचित अधिक, एवढे पुरते. मीठ घातलेले पातळ ताकही उत्तम. अतिसारासाठीची जलसंजीवनी याहून बरीच खारट असते. ते रोजचे पेय नव्हे.

येथे उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता, १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम योग्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले. त्याचा सर्वांत निकटचा संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेहून अधिक पाणी पिण्याशी होता. अशा स्थितीत मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि शेवटी झटके येऊ शकतात. म्हणून लांब पल्ल्यातही तहानेच्या मानाने प्यावे. शर्यतीनंतरचे वजन आधीपेक्षा वाढता कामा नये.

स्वयंपाकघरातील उपाय

सरांसाठी जे ठरविले ते कोणत्याही घरात करता येईल. कणकेत व भातात मीठ घालणे बंद केले. ताटात वरून मीठ घेण्याची सवय सोडली. लोणचे एका जेवणापुरते, तेही फोडीचा तुकडा. फरसाण आठवड्यातून एकदा. चवीसाठी लिंबू, कोकम, आले, जिरेपूड व कोथिंबीर यांचा आधार घेतला. जीभ काही आठवड्यांत या चवीला सरावते. पहिला पंधरवडा मात्र अळणी जातो, हे आधीच सांगितलेले बरे. मीठ आयोडिनयुक्तच वापरावे. सैंधव आणि पादेलोण यांतही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, तेव्हा त्यांना सूट नाही. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ उपयुक्त आहे. चीनच्या ६०० खेड्यांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

तीन महिन्यांनी सरांचा रक्तदाब १३८ आणि ८६ झाला. औषधही चालू केले होते, त्यामुळे सारे श्रेय मिठाला देता येणार नाही. पण औषधाची मात्रा पुढे कधी वाढवावी लागली नाही. काकूंच्या मिठाच्या पिशव्या तेव्हापासून चार-पाच महिने पुरू लागल्या. सर अखेरपर्यंत कमाटीबागेत चालत राहिले. निवृत्तीनंतरही ते उन्हाळी स्पर्धांना येत, माठ तोच असे, लिंबे तीच असत, फक्त मिठाच्या बरणीत त्यांनी मोजमापाचा एक लहान चमचा ठेवला होता आणि मुलांना ते सांगत, "घामाबरोबर मीठ जाते. किती, ते मोजायला शीक."