विद्यापीठांत थाळीचा नाद

सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, नवापूर तालुक्यांत विसरवाडी हें गांव लागतें. १९९८ सालीं धुळ्यापासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा हा भाग. सभोंवार भिल्ल, मावची आणि कोंकणी लोकांची वस्ती. मोटारींतून जाणाऱ्या सुशिक्षित प्रवाशास येथें शेतें दिसतात, डोंगर दिसतात; परंतु ह्या मुलुखांत एक जुनी विद्याहि नांदते, ही गोष्ट त्याच्या ध्यानीं सहसा येत नाहीं.

कोंकणी समाजांत थाळीवर कथा सांगण्याची परंपरा आहे. धातूच्या थाळीच्या मध्यभागीं मेण लावून त्यांत एक बारीक काडी उभी करितात. तिच्यावरून बोटें वरून खालीं ओढीत गेलें म्हणजे थाळींतून अखंड घुमणारा सूर निघतो, आणि त्या सुरावर कथेकरी धान्यदेवता कणसरीची कथा, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा, क्वचित् आपल्या परीची रामकथाहि सांगतो. दुसरें वाद्य पावरी. दुध्या भोपळा, वेळू आणि मेण यांतून तें सिद्ध होतें, आणि मार्गशीर्षांतील डोंगऱ्या देवाच्या उत्सवांत तें वाजतें. यांतील एकहि अक्षर कथेकऱ्याच्या हातीं पोथीरूपानें नसतें. सारा ग्रंथ कंठांत. कंठ गेला कीं ग्रंथहि गेला!

ह्या जिल्ह्याचें विद्यापीठ जळगांवास आहे. १९९० सालीं तें स्थापन झालें, आणि २०१८ पासून तें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करितें. अक्षरओळख नसतांहि जिनें अक्षय काव्य रचिलें, तिचें नांव विद्यापीठाला असावें, यांत मोठें औचित्य आहे. मग सहजच प्रश्न उभा राहतो कीं, अशा विद्यापीठांत विसरवाडीकडील कथेकऱ्याचें स्थान कोणतें?

आपल्याकडील सर्वसाधारण रीत वाचकांच्या परिचयाची आहे. स्नेहसंमेलनांत आदिवासी नृत्याचा दहा मिनिटांचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ, छायाचित्र, आणि परतीची गाडी. हा सत्कार झाला; ही अध्यापकाची नेमणूक नव्हे. २०२३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें स्थानिक कलावंत व कारागीर यांस उच्च शिक्षणसंस्थांत निवासी म्हणून घेण्याविषयीं मार्गदर्शक सूत्रें पुढें आणलीं, तीं ह्यासाठींच महत्त्वाचीं. कलावंतानें पाहुणा म्हणून न येतां गुरु म्हणून यावें, हें त्यांतील मर्म होय.

ही कल्पना आपणांस अगदींच नवी नाहीं. बडोद्यास १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या देखरेखीखालीं गायनशाळा निघाली. १९०१ सालीं विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तेव्हां कोठें आपल्या घरांतील मुलींच्या हातीं तंबोरा आला. पुणें विद्यापीठानें १९८७ सालीं ललित कला केंद्र सुरू केलें आणि त्याच्या नांवासच ‘गुरुकुल’ हा शब्द जोडला. परदेशांत तर अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठानें १९६२ पासून देशोदेशींच्या पारंपरिक कलावंतांस वास्तव्यासाठीं बोलाविण्याचा प्रघात पाडला. पनवेलजवळ पळस्पे येथें गुरुकुल चालविणारे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनीं त्या विद्यापीठांत अध्यापन केलें, आणि तेथील सिअॅटल शहरांतील त्यांच्या मैफलींचीं ध्वनिमुद्रणें आजहि रसिक ऐकतात.

मात्र वीणेचें उदाहरण थाळीस जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. डागरांचा व्यवसायच संगीताचा. कथेकरी हा आधीं शेतकरी. विद्यापीठाचें सत्र आषाढाच्या सुमारास सुरू होतें, आणि नेमकी तीच पेरणी-लावणीची वेळ. तेव्हां त्यास जळगांवीं बसविलें, तर त्याच्या घरची भातलावणी कोणीं करावी? दिवाळीनंतर बोलवावें, तर मार्गशीर्षांत डोंगऱ्या देवाचें बोलावणें असतें. शिवाय ह्या कथा विशिष्ट विधींशीं बांधलेल्या असतात. घंटा वाजली म्हणून चाळीस मिनिटांत कणसरी उभी राहत नाहीं. विद्यार्थ्यांस कथेकऱ्याची बोली येत नाहीं, ही अडचण निराळीच. आणि कथा यंत्रावर उतरून घेतल्यावर तिजवर सत्ता कोणाची, सांगणाराची कीं संस्थेची, हाहि प्रश्न आहेच.

यावर उपाय एकच दिसतो. वास्तव्य दोन्हीं बाजूंनीं व्हावें. कथेकऱ्यानें शेतीच्या सवडीनें कांहीं आठवडे विद्यापीठांत राहावें, आणि विद्यार्थ्यांनीं उत्सवाच्या दिवसांत त्याच्या पाड्यावर जावें. प्रथम बोली शिकावी, मग कथा ऐकावी. त्याचें मानधन प्राध्यापकाच्या मानाचें असावें. कोणती कथा केव्हां सांगावी आणि कोणती मुळींच यंत्रापुढें सांगूं नये, हें ठरविण्याचा अधिकार त्याचाच असावा. आणि त्याच्या समाजांतील एखादा तरुण शिष्य त्याच्याबरोबर अवश्य असावा, त्यालाहि विद्यावेतन मिळावें. कारण शंभर विद्यार्थ्यांनीं कथेवर टिपणें लिहिलीं, तरी पुढील पिढींत थाळी वाजविणारा एकहि उरला नाहीं, तर विद्यापीठानें विद्येचें रक्षण न करितां केवळ तिचें श्राद्ध केलें असें होईल.

आपल्या घरांतून पाठांतराचें माहात्म्य पिढ्यानुपिढ्या सांगितलें गेलें आहे. लेखणीवांचून वेद राखिले गेले, याचा आपण अभिमान बाळगतों. तोच आदर थाळीवर रात्रभर कथा सांगणाऱ्यास देण्यांत आपली उदारता मुळींच नाहीं. तो साधा न्याय आहे. घरांतील मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयांतून सुटीस आली असतां, यंदा आपल्या संस्थेंत कोणता लोककलावंत शिकवावयास होता, एवढें तरी वडीलधाऱ्यांनीं अवश्य विचारावें. घरोघरीं ही पृच्छा होऊं लागली, तर तिचें उत्तर देणें संस्थाचालकांस फार काळ टाळतां येणार नाहीं.