चाल तीच, शब्द वेगळे

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि रेडिओवरचं लोकप्रिय गाणं यांची गोष्ट बहुतेकदा अशी सांगतात : आधी सोवळं भक्तिसंगीत होतं, मग काही गायक पैशांसाठी बाहेर पडले आणि ते बाटलं. तपशील पाहिले की ही गोष्ट टिकत नाही.

गैरसमज : गॉस्पेल गुलामगिरीच्या काळापासून चालत आलं आहे.

वस्तुस्थिती : त्या काळातल्या भक्तिगीतांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सनी १८७१ पासून दौरे करून ती गाणी सर्वदूर नेली. आज ज्याला गॉस्पेल म्हणतात, ते मुख्यतः १९३०च्या दशकात शिकागोत घडलं आणि ते घडवणारा थॉमस डॉर्सी मुळात ब्लूजचा पियानोवादक होता. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो मा रेनीला साथ करायचा. १९२८ मध्ये टॅम्पा रेडबरोबरचं त्याचं एक चावट गाणं तुफान गाजलं होतं. १९३२ मध्ये बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्याने ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. ब्लूजचा ढंग देवळात आणला म्हणून अनेक चर्चनी सुरुवातीला त्याला उभंही केलं नाही. थोडक्यात, बाजार आधी चर्चमध्ये आला. चर्च बाजारात गेलं ते नंतर.

गैरसमज : गॉस्पेल बाहेर नेलं ते रे चार्ल्सने.

वस्तुस्थिती : १९५४ मध्ये एका गॉस्पेल गाण्यावरून त्याने ‘आय गॉट अ वुमन’ बेतलं, हे खरं. पण सिस्टर रोझेटा थार्प त्याच्या सोळा वर्षं आधी, १९३८ मध्ये, हातात गिटार घेऊन न्यू यॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गात होती. त्याच वर्षी तिने ध्वनिमुद्रित केलेलं ‘रॉक मी’ हे गाणं मूळचं डॉर्सीचंच.

सोल स्टिरर्स या गॉस्पेल चमूच्या सॅम कुकची तर वेगळीच तऱ्हा. १९५६ मध्ये त्याने ‘वंडरफुल’ या भक्तिगीताचं ‘लव्हेबल’ हे प्रेमगीत केलं आणि भाविक दुखावतील म्हणून रेकॉर्डवर ‘डेल कुक’ असं नाव घातलं. नाव बदललं, आवाज कसा बदलणार? ऐकणाऱ्यांनी ओळखलंच. पुढच्या वर्षी ‘यू सेंड मी’ त्याने आपल्या नावाने गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. एका अक्षरावर अनेक स्वर खेळवणं, कीर्तनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात तशी गायकाची हाक वृंदाने झेलणं, हे सगळं चर्चमधून जसंच्या तसं ‘सोल’ या लोकप्रिय संगीतप्रकारात आलं.

गैरसमज : निष्ठावंत गॉस्पेल गायक बाहेरच्या संगीताला शिवत नसत.

वस्तुस्थिती : महालिया जॅक्सन प्रेमगीतं गायली नाही, नाइटक्लबची पायरीही चढली नाही. पण ती बेसी स्मिथच्या ब्लूज रेकॉर्ड ऐकत वाढली होती. १९५८ मध्ये ती न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गायली, ड्यूक एलिंग्टनबरोबरही गायली. तिची रेघ शब्दांवर आणि जागेवर होती, सुरांवर नव्हती.

गैरसमज : एकदा बाहेर पडलं की परतीची वाट बंद.

वस्तुस्थिती : धर्मोपदेशकाची मुलगी अरीथा फ्रँकलिन सोलची सम्राज्ञी झाल्यावर, जानेवारी १९७२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम गायली. तिच्या सगळ्या अल्बमांत सर्वाधिक खपलेला तोच. त्यात तिने डॉर्सीचं ‘प्रेशस लॉर्ड’ आणि कॅरोल किंगचं त्या वेळी ताजं असलेलं पॉप गाणं एकाच धाग्यात ओवलं. १९९७ मध्ये कर्क फ्रँकलिनने फंकाडेलिकच्या फंक गाण्याच्या तुकड्यावर ‘स्टॉम्प’ हे गॉस्पेल उभं केलं, तोवर ही ये-जा नेहमीची झाली होती.

भांडण खरं होतं, पण ते चालीवरून नव्हतं. गाणं कुणासाठी, कुठे आणि कोणत्या शब्दांत गायचं, यावरून होतं. अरीथाच्या त्या ध्वनिमुद्रणानंतर दोनच आठवड्यांनी महालिया गेली. शिकागोतल्या तिच्या अंत्यविधीत अरीथा ‘प्रेशस लॉर्ड’ गायली. आयुष्यभर नाइटक्लबपासून दूर राहिलेल्या बाईला निरोप दिला तो बाजार गाजवणाऱ्या बाईने, एका ब्लूजवाल्याच्या गाण्याने.